ठिपक्यांच्या चौकटीतील देवनागरी : पिक्सेल-अक्षरवळण आणि मराठी स्थलनामे (पनवेल परिसराच्या संदर्भात)

सारांश

व्हिडिओ गेम, जुने संगणक आणि विद्युत-फलक यांवर दिसणारी चौकोनी ठिपक्यांची अक्षरे आज ‘रेट्रो’ किंवा ‘पिक्सेल’ शैली म्हणून पुन्हा लोकप्रिय झाली आहेत. ही शैली रोमन लिपीच्या मापाने घडलेली आहे. देवनागरी लिपी त्या मापात बसविताना शिरोरेषा, मात्रा, रफार, उकार व जोडाक्षरे यांची ओढाताण होते. प्रस्तुत लेखात पिक्सेल-अक्षरांची घडण स्पष्ट करून, हार्बर मार्गावरील व पनवेल परिसरातील स्थलनामांच्या आधारे मराठीला किमान किती ठिपके लागतात, याचा विचार केला आहे. देवनागरी रुंदीत काटकसर करते, मात्र उंची मागते आणि सोळा ओळींचे प्रचलित माप तिला अपुरे पडते, हा या विवेचनाचा निष्कर्ष होय.

बीजशब्द : पिक्सेल, बिटमॅप, देवनागरी, शिरोरेषा, जोडाक्षर, विद्युत-फलक, लिपिसुधारणा.

१. प्रस्तावना

पनवेल रेल्वे स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोर दिवसभर ठिपक्यांची अक्षरे सरकत असतात. फलाटावरील दर्शकावर गाडीचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजीत आळीपाळीने उमटते. बसच्या कपाळावर प्रकाशबिंदूंनी लिहिलेले गंतव्यस्थान असते. महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत दोन ओळींच्या छोट्या पडद्यावर विद्यार्थी आपले नाव उमटवून पाहतो. मोबाइलवरील खेळात गुणसंख्या जुन्या चौकोनी वळणात दिसते. हे सर्व प्रकार दिसायला वेगळे असले तरी त्यांचा पाया एकच आहे. अक्षर येथे रेषेने लिहिलेले नसून, मोजक्या चौकटींपैकी कोणत्या उजळायच्या आणि कोणत्या विझवायच्या, या निर्णयांतून घडलेले असते.

रोमन लिपीच्या संदर्भात या निर्णयांचा बराच अभ्यास झालेला आहे. देवनागरीच्या संदर्भात हा प्रश्न बहुधा यंत्र बनविणाऱ्याच्या सोयीवर सोडला जातो. परिणामी मराठी मजकूर पडद्यावर येतो, पण अनेकदा तो मोडका येतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्याची राजभाषा आहे. सार्वजनिक फलकावरील मराठी अक्षर सुवाच्य असणे हा त्यामुळे केवळ सौंदर्याचा विषय राहत नाही. तो नागरिकाच्या सोयीचा व हक्काचा विषय ठरतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) पिक्सेल-अक्षरवळणाची घडण व पार्श्वभूमी स्पष्ट करणे, (२) देवनागरीच्या दृष्टीने ठिपक्यांच्या चौकटीच्या मर्यादा दाखविणे, (३) स्थानिक स्थलनामांच्या साहाय्याने त्या मर्यादांचा पडताळा घेणे, (४) अध्यापन व उपयोजन यांसाठी काही सूचना मांडणे.

२. पिक्सेल-अक्षराची पार्श्वभूमी

सुरुवातीच्या व्हिडिओ गेममध्ये स्मृती अत्यंत महाग होती. म्हणून पडदा ८×८ ठिपक्यांच्या तुकड्यांत विभागला जाई व प्रत्येक अक्षर एका तुकड्यात बसविले जाई. ‘अटारी’ कंपनीच्या १९७६ च्या ‘क्विझ शो’ या खेळातील अक्षरे पुढे ‘नामको’ या जपानी कंपनीच्या खेळांतून जगभर पसरली. आज ‘रेट्रो गेम फॉन्ट’ म्हटल्यावर जे वळण डोळ्यांसमोर येते, ते प्रामुख्याने हेच. १९८० च्या ‘पॅक-मॅन’चा पडदा २२४×२८८ ठिपक्यांचा होता, म्हणजे त्यावर ८×८ चे २८ स्तंभ व ३६ ओळी बसत. एका अक्षराला ६४ ठिपके, म्हणजे ८ बाइट लागतात. रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे, अंक व विरामचिन्हे मिळून ९५ चिन्हे होतात आणि ती सगळी ७६० बाइटमध्ये मावतात. एवढ्या अल्प जागेत एक संपूर्ण लिपी बसते, हे या शैलीच्या प्रसाराचे मूळ कारण होय.

१९८४ मध्ये ‘मॅकिन्टॉश’ संगणकासाठी सुझन केअर यांनी ‘शिकागो’सारखे फॉन्ट ठिपका-ठिपका जुळवून तयार केले. त्या संगणकाचा पडदा ५१२×३४२ ठिपक्यांचा होता. पाठोपाठ १९८५ च्या सुमारास झुझाना लिको यांनी अल्प ठिपक्यांच्या अक्षरालाच स्वतंत्र दृश्यमूल्य आहे, अशा भूमिकेतून फॉन्ट रचले. येथून पिक्सेल-अक्षर हे निव्वळ नाइलाजाचे साधन न राहता एक शैली बनले. आजचे ‘प्रेस स्टार्ट टू-पी’सारखे फॉन्ट वस्तुतः बाह्यरेषांचे आहेत. त्यांतील प्रत्येक ‘ठिपका’ हा रेखाटलेला चौकोन असतो, त्यामुळे अक्षर कितीही मोठे करता येते. तथापि ते आठच्या पटीतच, म्हणजे ८, १६, २४ अशा मापांतच वापरावे लागते. अन्यथा चौकोनांच्या कडा पडद्याच्या ठिपक्यांशी जुळत नाहीत आणि अक्षर धुरकट दिसते. या लोकप्रिय फॉन्टमध्ये रोमन, ग्रीक व सिरिलिक लिप्यांची सोय आहे, देवनागरीची नाही.

जपानी खेळांचे उदाहरण देवनागरीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. कांजी चिन्हे ८×८ मध्ये बसत नसल्याने सुरुवातीच्या घरगुती खेळांत मुख्यतः काना लिपी वापरली गेली. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये हिरागाना अक्षरांसोबत काताकानाची मोजकीच अक्षरे घेतली होती. घोषवर्ण दाखविणारी दोन टिंबे मूळ अक्षराच्या चौकटीत न बसविता वरच्या स्वतंत्र चौकटीत ठेवण्यात आली. एक अक्षर दोन मजल्यांत विभागण्याची ही युक्ती देवनागरीलाही लागू पडते, हे पुढे दिसून येईल.

३. देवनागरीची मुद्रणपरंपरा आणि संगणक

लिपी यंत्राच्या मापात बसविण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळात मात्रा, वेलांट्या व रफार मूळ अक्षराच्या वर-खाली कसे जोडावेत, हीच मुद्रकांची मुख्य अडचण होती. खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. ती कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या निमित्ताने प्रयत्न केले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ला काना, मात्रा व वेलांटी लावून सर्व स्वर लिहिण्याची पद्धत पुरस्कारली, तिच्यामागेही यंत्राची सोय हा एक हेतू होता. या सर्व परंपरेचा विस्तृत आढावा बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथात आहे. तो १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला.

संगणकाच्या बाबतीत आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांच्या टर्मिनलवर काम झाले. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाच्या रूपाने विकसित झाले. संगणकात बसविण्याच्या ‘जिस्ट कार्ड’मुळे साध्या मजकूर-पडद्यावर देवनागरी उमटू लागली. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे संकेतमान भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच पूर्वीच्या आवृत्तीवर आधारलेली आहे. या संकेतप्रणालींचे तत्त्व असे की, साठवायचा तो उच्चारक्रम आणि दृश्यरूप ठरविण्याचे काम वेगळ्या नियमांवर सोपवायचे. पिक्सेल-देवनागरीतील अनेक अडचणींचे मूळ या दोन पातळ्यांची गल्लत होण्यात आहे.

सुलेखनकार व अक्षररचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजमधून घरोघरी पोचला. त्या काळच्या ९६ ठिपके प्रति इंच पडद्यावर १२ पॉइंटचे अक्षर म्हणजे अवघ्या १६ ठिपक्यांची उंची होती. आपण छापील वळणाचे अक्षर वाचत आहोत असे वाचकाला वाटत असले, तरी प्रत्यक्षात तो सोळा ओळींतील देवनागरीच वाचत होता. जोशी ज्या ‘एनसीएसटी’ संस्थेशी निगडित होते, ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅक मुंबईचे एक केंद्र आज खारघर स्थानकाजवळ, म्हणजे पनवेलच्या उंबरठ्यावर आहे.

४. एका अक्षराची घडण

देवनागरी ओळीचे चार पट्टे पडतात : (अ) शिरोरेषेच्या वरचा पट्टा (मात्रा, वेलांटीची कमान, रफार, अनुस्वार, चंद्र), (आ) शिरोरेषा, (इ) अक्षराचे अंग, (ई) खालचा पट्टा (उकार, हलन्त, काही जोडाक्षरांचा खालचा भाग). सोळा ओळींच्या चौकटीत यांची वाटणी साधारणतः ४ + १ + ८ + ३ अशी करता येते. ‘प’ हे अक्षर शिरोरेषा व अंग मिळून नऊ ओळींत पुढीलप्रमाणे मांडता येईल (१ म्हणजे उजळलेला ठिपका, ० म्हणजे विझलेला) :

१११११११
०१०००१०
०१०००१०
०१०००१०
०१०००१०
००११११०
०००००१०
०००००१०
०००००१०

या आकृतीतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शिरोरेषा चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत जाते, त्यामुळे शेजारची अक्षरे आपोआप जोडली जातात. रोमन अक्षरात कडेचा एक स्तंभ नेहमी रिकामा ठेवावा लागतो. देवनागरीत शिरोरेषेच्या ओळीपुरता तो भरावाच लागतो. दुसरी, उजवीकडच्या दंडाखालील शेवटच्या तीन ओळी जवळजवळ रिकाम्या वाटल्या तरी त्या काढता येत नाहीत. ‘प’चा पोट आणि दंड यांतील प्रमाण तेथेच ठरते. तिसरी, पोटातील पोकळी केवळ तीन ठिपके रुंद आहे. ‘ष’ लिहायचा झाल्यास याच पोकळीतून तिरकी रेघ न्यावी लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जेमतेम काही ठिपके मोकळे राहतात. ‘व’ आणि ‘ब’ यांच्यातील भेदही असाच पोटातील रेघेचा आहे. ती रेघ पुसट झाली की ‘बेलापूर’चे ‘वेलापूर’ होते.

शिरोरेषेतील खंड हा तर अर्थभेदक घटक आहे. ‘म’ची शिरोरेषा सलग असते, ‘भ’ची डावीकडे तुटलेली असते. ‘घ’ आणि ‘ध’ यांचेही तसेच. ठिपक्यांच्या मांडणीत हा खंड एका विझलेल्या ठिपक्याने दाखविला जातो. तो ठिपका चुकून उजळला की ‘भाळ’ आणि ‘माळ’ सारखेच दिसू लागतात, ‘खारघर’ आणि ‘खारधर’ यांत फरक उरत नाही. प्रकाशबिंदूंच्या फलकावर ही शक्यता अधिक असते. रात्री उजळलेल्या बिंदूंची प्रभा शेजारच्या अंधाऱ्या बिंदूवर पसरते व एका ठिपक्याची फट भरून गेल्याचा भास होतो. म्हणून छापील फॉन्टमध्ये पुरेशी वाटणारी फट प्रकाशफलकावर दोन ठिपक्यांची ठेवणे इष्ट ठरते. ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडण्याची प्रमाणित पद्धतही येथे उपकारक आहे. ते न जोडल्यास ‘खारघर’ हे ‘रवारघर’ असे वाचले जाण्याचा धोका असतो.

५. स्थलनामांचा पडताळा

एखादे अक्षरवळण कसाला लावायचे तर वर्णमाला पुरेशी नसते. शब्द घ्यावे लागतात. हार्बर मार्गावरील व पनवेल परिसरातील नावे यासाठी अतिशय सोयीची आहेत. त्यांत सोप्यापासून कठिणापर्यंतची सर्व पायरी सापडते.

(१) पनवेल. या नावात जोडाक्षर नाही, उकार नाही, केवळ एक मात्रा आहे. ‘प’, ‘न’, ‘व’ यांना प्रत्येकी ७ स्तंभ व मराठी वळणाच्या ‘ल’ला ९ स्तंभ दिल्यास एकूण ३० स्तंभ होतात. बाजारात सर्रास मिळणारा ‘पी-१०’ प्रकारचा प्रकाशफलक ३२ स्तंभ व १६ ओळींचा असतो. ‘पनवेल’ हे नाव अशा एकाच फलकात पूर्ण बसते. याच नावाची रोमन लिपीतील सहा मोठी अक्षरे नेहमीच्या ५×७ मापात घेतली व मध्ये एकेक स्तंभ सोडला तर ३५ स्तंभ होतात, म्हणजे नाव फलकाबाहेर जाते. देवनागरी जास्त जागा खाते, हा समज रुंदीच्या बाबतीत येथे टिकत नाही.

(२) नेरुळ. ‘रु’मध्ये उकार अक्षराखाली न जाता ‘र’च्या कुशीत बसतो. ‘रु’ आणि ‘रू’ यांतील भेद एक-दोन ठिपक्यांच्या वळणावर अवलंबून राहतो. शेवटच्या ‘ळ’ला दोन वेटोळी स्पष्ट दाखवावी लागतात व ती अरुंद चौकटीत भरून जातात. कळंबोली, तळोजे, कर्नाळा या नावांनाही हीच अडचण लागू आहे.

(३) टिळकनगर. पहिली वेलांटी उच्चारात ‘ट’नंतर, पण लेखनात ‘ट’च्या आधी येते. साठवलेल्या क्रमाने एकेक चिन्ह उमटविणारी प्रणाली ती ‘ट’नंतर ठेवते आणि ती ‘ळ’ची वाटू लागते. हा दोष फॉन्टचा नसून मांडणीच्या नियमांचा अभाव असल्याचा आहे.

(४) कुर्ला व मानखुर्द. रफार उच्चारात आधी येतो, पण लेखनात पुढच्या अक्षराच्या माथ्यावर जातो. ‘कुर्ला’मध्ये तो काना ओलांडून उजवीकडे सरकतो. ‘मानखुर्द’मध्ये एका अक्षराखाली उकार आणि दुसऱ्यावर रफार असल्याने वरचा व खालचा असे दोन्ही पट्टे एकाच शब्दात लागतात.

(५) खांदेश्वर. अनुस्वार, मात्रा व ‘श्व’ हे जोडाक्षर अशी तीन ठिकाणे. ‘श्व’ आडव्या मांडणीत अर्धा ‘श’ व पूर्ण ‘व’ असा लिहिल्यास उंची वाचते, रुंदी वाढते. एकूण रुंदी सुमारे ३७ स्तंभ होत असल्याने एक ‘पी-१०’ फलक पुरत नाही. अशा वेळी अर्ध्या अक्षराऐवजी हलन्त देऊन जोडाक्षर मोडण्याचा मोह होतो; पण त्याने रुंदी कमी न होता उलट वाढते आणि शब्दाचे मराठी रूपही जाते.

(६) द्रोणागिरी व रत्नागिरी. उरण मार्गावरील ‘द्रोणागिरी’मधील ‘द्र’ खालच्या पट्ट्यात उतरतो. कोकणच्या गाड्यांच्या फलकावरील ‘रत्नागिरी’तील ‘त्न’ मात्र आडव्या मांडणीत सहज बसतो. यावरून असे दिसते की, सर्व जोडाक्षरांना एकच धोरण लावता येत नाही.

(७) गणेशमूर्तींचे. पनवेलच्या शेजारचे पेण गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. हा शब्द कोणत्याही पिक्सेल-देवनागरीची अंतिम कसोटी ठरावा. ‘र्तीं’ या एकाच अक्षरावर वेलांटीची कमान, रफार व अनुस्वार एकत्र येतात आणि त्याला लागूनच ‘मू’चा दीर्घ उकार खालचा पट्टा व्यापतो. वरच्या चार ओळींत या तिन्ही चिन्हांना एकमेकांपासून सुटे ठेवणे जेमतेम शक्य होते. तीन ओळी मिळाल्या तर अनुस्वार रफारात विरघळतो.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडीही येथे नोंदवावयास हवी. पहिला शब्द समुद्रवाचक, दुसरा डोंगरांमधील खोलगट भागांचे अनेकवचन. हा भेद दाखविणारा अर्धा ‘र’ (ऱ्) मराठीचे वैशिष्ट्य आहे. केवळ हिंदीच्या गरजेपुरत्या अक्षरसंचात तो राहून जाण्याची शक्यता असते.

६. ‘ल’ आणि ‘श’ : मराठी वळणाचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयाने देवनागरी वर्णमालेची मराठीसाठी प्रमाणित रूपे निश्चित केली. त्यांत मराठी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ यांचा आग्रह आहे. हिंदीत प्रचलित असलेला ‘ल’ दंडयुक्त असतो, तर मराठीतील ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा संकेतांक एकच आहे. कोणते रूप दाखवायचे, हे फॉन्टने मजकुराच्या भाषेवरून ठरवायचे असते.

‘पनवेल’ हे नाव मराठीत व हिंदीत तंतोतंत सारखे लिहिले जाते. मराठी व हिंदी आळीपाळीने दाखविणाऱ्या फलकावर दोन्हींसाठी एकच अक्षरसंच वापरला, तर वाचकाला तेच नाव दोनदा दिसते. भाषाभेदाची एकमेव दृश्य खूण असलेला ‘ल’ तेथे गळून पडतो. दंडयुक्त ‘ल’ सात स्तंभांत बसतो, पाकळीयुक्त ‘ल’ला नऊ स्तंभ लागतात. दोन स्तंभांची बचत हेच पहिल्या रूपाच्या निवडीचे कारण ठरू शकते. तथापि वर दाखविल्याप्रमाणे नऊ स्तंभांचा ‘ल’ घेऊनही ‘पनवेल’ ३२ स्तंभांत मावते. बचतीचा युक्तिवाद येथे लागू होत नाही.

७. उंचीचा प्रश्न आणि तीन मजल्यांची मांडणी

सोळा ओळींच्या फलकावर रोमन मोठी अक्षरे चौदा ओळी सहज व्यापू शकतात, कारण त्यांना वर-खाली काही जोडावे लागत नाही. त्याच फलकावर देवनागरीचे अंग शिरोरेषेसह नऊ ओळींचे राहते. म्हणजे एकाच फलकावर रोमन अक्षर देवनागरी अक्षराच्या सुमारे दीडपट उंच दिसते. शिवाय रोमनची रेषा दोन ठिपके जाड करता येते. देवनागरीत तसे केल्यास ‘ब’, ‘ष’, ‘ळ’ यांच्या पोकळ्या बुजतात. परिणामी लांबून पाहणाऱ्या वृद्ध प्रवाशाला इंग्रजी नाव आधी वाचता येते व मराठी नावासाठी त्याला पुढे चालत यावे लागते. दोन्ही भाषांना समान वेळ दिला म्हणजे समान न्याय झाला असे होत नाही. नऊ ओळींचे अंग दीडपट वाढवायचे तर फलकही दीडपट, म्हणजे २४ ओळींचा असावा लागतो.

प्रयोगशाळेतील छोट्या पडद्यांची स्थिती याहून बिकट आहे. ‘एचडी-४४७८०’ प्रकारच्या नियंत्रकावर चालणाऱ्या दोन ओळींच्या पडद्यात प्रत्येक अक्षराला ५×८ ठिपक्यांची चौकट असते व वापरकर्त्याला स्वतःची केवळ आठ चिन्हे घडविता येतात. ‘मानखुर्द’साठी म, काना, न, ‘खु’चे दोन तुकडे आणि ‘र्द’ अशी सहा चिन्हे लागतात. ‘पनवेल’साठी ‘न’ सामायिक धरला तरी आणखी तीन. म्हणजे या मार्गावरील दोन स्थानकांची नावेदेखील एकाच वेळी दाखविता येत नाहीत. त्यातच दोन चौकटींमध्ये भौतिक फट असल्याने शिरोरेषा तुटक दिसते. आठ ओळींत वरच्या व खालच्या पट्ट्याला एकेकच ओळ येत असल्याने ऱ्हस्व उकार, दीर्घ उकार व हलन्त यांत फरक करणे जवळजवळ अशक्य होते. जुन्या मोबाइलची कथाही फारशी निराळी नव्हती. २००० मधील ‘नोकिया ३३१०’चा पडदा ८४×४८ ठिपक्यांचा होता. त्यावर रोमनच्या आठ ठिपके उंचीच्या सहा ओळी बसत, तर सोळा ठिपक्यांच्या देवनागरीच्या तीनच.

यावर उपाय म्हणून २४ ओळींची, तीन मजल्यांची मांडणी सुचविता येते. वरच्या आठ ओळींत मात्रा, रफार व अनुस्वार. मधल्या आठ ओळींत शिरोरेषेसह अंग. खालच्या आठ ओळींत उकार व जोडाक्षरांचे उतरते भाग असा हा आराखडा आहे. मात्र वरचा व खालचा मजला पूर्ण भरत नसल्याने अंग दोन्ही बाजूंना थोडे पसरू देता येते. ते तेरा-चौदा ओळींपर्यंत वाढविले तरी वर सहा व खाली चार-पाच ओळी उरतात. खिळ्यांच्या काळातील मुद्रकांनी मूळ अक्षर व स्वरचिन्हे वेगवेगळी जुळविण्याची जी रीत स्वीकारली होती आणि जपानी खेळांनी घोषचिन्हांसाठी जी वरची चौकट वापरली, तेच तत्त्व येथे आहे.

या विभागणीचा लाभ स्मृतीच्या बाबतीतही होतो. ३४ व्यंजनांची बाराखडी अखंड चित्रांच्या रूपात साठविल्यास ४०८ चित्रे होतात. १६×१६ च्या एका चित्राला ३२ बाइट धरले तर १३,०५६ बाइट लागतात आणि त्यांत जोडाक्षरे नाहीतच. ३४ पूर्ण व्यंजने, त्यांची ३४ अर्धी रूपे व १२ स्वरचिन्हे अशी सुटी ८० चित्रे ठेवल्यास २,५६० बाइट पुरतात आणि बहुतांश आडवी जोडाक्षरेही त्यांतूनच जुळतात. आज स्मृती स्वस्त आहे. परंतु बसच्या फलकातील किंवा विद्यार्थ्याच्या प्रकल्पातील छोट्या नियंत्रकाच्या दृष्टीने हा फरक अद्याप महत्त्वाचा आहे.

८. मांडणीचे नियम आणि सद्यःस्थिती

चांगली चित्रे तयार झाली तरी ती योग्य क्रमाने बसविणारे नियम नसतील तर देवनागरी उमटत नाही. १९९८ मध्ये रोमन चिबोरा यांनी सुरू केलेल्या ‘युनिफॉन्ट’ या मुक्त फॉन्टमध्ये जगातील अनेक लिप्यांबरोबर देवनागरीची ठिपक्यांची चित्रेही सोळा ओळींच्या चौकटीत आहेत. तो अक्षररचनेचा उत्तम प्रारंभबिंदू आहे. मात्र एका संकेतांकाला एक चित्र या तत्त्वावर जोडाक्षर, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांचे प्रश्न सुटत नाहीत. त्यासाठी ओपनटाइप पद्धतीतील नियम व ‘हार्फबझ’सारखी मांडणी-प्रणाली आवश्यक असते. खेळ तयार करण्याच्या साधनांत ही सोय उशिरा आली. ‘गोडो’ या मुक्त साधनाच्या २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत अशा लिप्यांची मांडणी अंतर्भूत झाली. त्यापूर्वी मराठीत खेळ करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला मजकूर चित्राच्या रूपात चिकटवावा लागे किंवा मराठी रोमन लिपीत लिहावी लागे. पडद्यावरील मराठीचे रोमनीकरण अनेकदा आवडीतून होत नाही, अशा अडचणीतून होते.

९. सूचना

(१) सार्वजनिक फलकांच्या खरेदीच्या अटींत ‘मराठीची सोय’ एवढाच उल्लेख न ठेवता देवनागरी अंगाची किमान उंची, २४ ओळींची चौकट आणि मराठी ‘ल’, ‘श’, ‘ळ’, ‘ऱ्’ यांची रूपे स्पष्टपणे नमूद करावीत.

(२) फलक स्वीकारण्यापूर्वी पनवेल, नेरुळ, टिळकनगर, मानखुर्द, खांदेश्वर, द्रोणागिरी व गणेशमूर्तींचे या शब्दांची चाचणी घ्यावी. हे सात शब्द नीट उमटले तर इतर बहुतेक मजकूर नीट उमटेल.

(३) महाविद्यालयांत आलेखाच्या कागदावर २४ ओळींत आपल्या गावाचे नाव बसविण्याचा प्रकल्प मराठी, संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स या विभागांनी संयुक्तपणे द्यावा. लेखनाचे नियम, संकेतप्रणाली आणि नियंत्रकाची रचना या तिन्हींचा अभ्यास एकाच कृतीतून साधतो. या कामासाठी पेन्सिल व चौकटींचा कागद एवढेच भांडवल लागते.

(४) अशा प्रकल्पांतून तयार झालेली अक्षरचित्रे मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून द्यावीत, जेणेकरून पुढच्या विद्यार्थ्याला शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

१०. निष्कर्ष

पिक्सेल-अक्षरवळण हे दिसायला खेळकर असले तरी ते लिपीची कठोर परीक्षा घेते. अक्षरातील कोणता भाग शोभेचा आणि कोणता अर्थाचा, हे तेथे लपत नाही. देवनागरीच्या बाबतीत या परीक्षेतून असे दिसते की, शिरोरेषेतील एका ठिपक्याची फट, ‘ब’च्या पोटातील रेघ, माथ्यावरचा रफार ही सर्व अर्थाची अंगे आहेत आणि त्यांपैकी एकही वगळता येत नाही. लिपी अवघड आहे म्हणून ती यंत्रात बसत नाही, हा निष्कर्ष योग्य नव्हे. यंत्राचे माप दुसऱ्या लिपीवरून घेतलेले आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. सोळा ओळींऐवजी चोवीस ओळी, एका मजल्याऐवजी तीन मजले आणि साठवणुकीच्या क्रमाऐवजी लेखनाचे नियम, एवढे बदल केले तर ‘पनवेल’पासून ‘खांदेश्वर’पर्यंतची सर्व नावे ठिपक्यांच्या चौकटीतही आपल्या मराठी वळणात सुवाच्यपणे उभी राहू शकतात.